न ऐकलेली चार मिनिटं

मंडळी, नमस्कार. शनिवारची संध्याकाळ, बाहेर पाऊस, आणि एरंडवण्यातल्या या हॉलमध्ये केट बुश या इंग्लिश गायिकेसाठी एवढी माणसं? मला वाटलं होतं आयोजक, मी आणि पंखा. पहिल्या दोन रांगांतली काही मंडळी नंतरच्या नाट्यसंगीताच्या कार्यक्रमासाठी आधीच जागा धरून बसली आहेत, हे मला दिसतंय. बसा, उठू नका. मध्ये कुठंतरी तुम्हाला तानपुराही भेटेल.

ही कॅसेट बघा. १९८७ साली कॅम्पातल्या एका दुकानातून मी ती भरून घेतली होती. तेव्हा तसंच चालायचं. दुकानात मूळ रेकॉर्ड असायची, आपण कोरी कॅसेट आणि पैसे द्यायचे, चार दिवसांनी न्यायला जायचं. माझी कॅसेट ४५ मिनिटांची होती. केट बुशचा ‘हाउंड्स ऑफ लव्ह’ हा अल्बम ४७ मिनिटांच्या वर जातो. आता तुम्ही म्हणाल, दोन मिनिटांनी काय होतंय? होतं. पहिली बाजू २१ मिनिटांची, ती छान बसली. दुसरी २६ मिनिटांची, आणि टेप साडेबावीसला संपते. दुकानदारानं काही सांगितलं नाही, मी विचारलं नाही.

त्या दुसऱ्या बाजूवर सात गाणी मिळून एकच गोष्ट आहे. ‘द नाइन्थ वेव्ह’, म्हणजे नववी लाट, असं तिचं नाव. रात्रीच्या समुद्रात एक बाई एकटी तरंगतेय. अंगावर लाइफजॅकेट, त्याला एक मिणमिणता दिवा. तिनं जागं राहायचंय, कारण झोप लागली की संपलं. माझी टेप सहाव्या गाण्यात, कोरस चालू असताना, खट् करून थांबायची. सातवं गाणं मी ऐकलंच नव्हतं. त्यामुळं माझ्या लेखी ती बाई बुडाली. दहा वर्षं बुडालेलीच होती.

गाण्यांच्या माळेतून गोष्ट ऐकायची सवय आपल्याला या गावानंच लावली. १९५५च्या रामनवमीला पुणे आकाशवाणीवर गीतरामायण सुरू झालं. दर आठवड्याला एक गाणं, एकूण ५६. पण तिथं गोष्ट घरातल्या लहान पोरालाही पाठ. राम अयोध्येला परत येणार की नाही, या काळजीनं कुणी रेडिओला कान लावला नव्हता. इथं उलटं. ही बाई कोण, पाण्यात कशी पडली, काहीही सांगितलेलं नाही. थेट पाण्यातच सुरुवात.

जरा माझ्या धंद्याबद्दल सांगतो, म्हणजे या अल्बमचं मला एवढं काय वाटतं ते कळेल. मी तेव्हा पुण्यातल्या एका स्टुडिओत रेकॉर्डिस्ट होतो. जिंगल, भक्तिगीतं, निवडणूक आली की प्रचाराच्या कॅसेटी. सगळं शिफ्टवर. शिफ्ट संपत आली की खोलीतलं चित्र ठरलेलं: निर्माता भिंतीवरच्या घड्याळाकडे बघतोय, तबलजी पुढच्या रेकॉर्डिंगला जायचं म्हणून डग्गा गवसणीत घालतोय, आणि गायक काचेपलीकडून विचारतोय, “एक टेक अजून घेऊ या का?” त्यावर निर्मात्याचं उत्तर, “छान झालंय हो!” माझ्या हातून गेलेलं निम्मं संगीत या ‘छान झालंय हो’वर संपलेलं आहे.

केट बुशला हे घड्याळ चांगलंच माहीत होतं. तिच्या आधीच्या प्रवासात मी फार रमत नाही. जन्म १९५८चा, वडील डॉक्टर, आई आयरिश. शाळेत असतानाच पिंक फ्लॉइड या बँडच्या डेव्हिड गिलमोरनं तिची गाणी ऐकून मदत केली आणि ईएमआय या रेकॉर्ड कंपनीपर्यंत पोचवलं. १९७८मध्ये, एकोणिसाव्या वर्षी, ‘वदरिंग हाइट्स’ हे तिचं गाणं ब्रिटनमध्ये चार आठवडे पहिल्या क्रमांकावर होतं. स्वतः लिहिलेलं गाणं घेऊन तिथं पोचलेली ती पहिली बाई.

मग १९८२चा ‘द ड्रीमिंग’. निर्मिती एकटीची. लंडनमध्ये एका स्टुडिओतून दुसऱ्यात, तिथून तिसऱ्यात, आणि प्रत्येक ठिकाणी मीटर पडतोय. अल्बम तिसऱ्या क्रमांकापर्यंत गेला, पण त्याच नावाचं गाणं ४८च्या वर सरकलं नाही. ऐकणारे गोंधळले, कंपनी नाराज, ती स्वतः थकून आजारी. पुढं तिनंच त्याला हसत हसत ‘पोरगी खुळावली’ छापाचा अल्बम म्हटलं. मला विचाराल तर तो खुळा नाही, दाटलेला आहे. एवढे पैसे मोजून घेतलेला वेळ वाया कसा जाऊ द्यायचा, म्हणून प्रत्येक कोपऱ्यात काहीतरी भरलंय. घाईघाईनं भरलेल्या ट्रंकेसारखं.

यापुढं तिनं स्वतः निर्मिती करू नये, असा कंपनीचा कल होता. तिनं काय केलं? १९८३मध्ये वेलिंगला आईवडिलांच्या शेतघरामागच्या कोठारात स्वतःचा स्टुडिओ बांधला. २४ ट्रॅकचं मशीन, म्हणजे एका टेपवर २४ आवाज वेगवेगळे धरणारं, नंतर जोडून ४८. घड्याळ स्वतःचं. चहाला आईकडे जायचं.

आणि एक गोष्ट केली, ती ऐकून माझ्यासारख्या माणसाला आजही हेवा वाटतो. घरी आठ ट्रॅकवर केलेले डेमो तिनं टाकून दिले नाहीत, मोठ्या टेपवर घेतले आणि त्यांच्यावरच पुढचं रेकॉर्डिंग चढवत गेली. आमच्याकडे डेमो म्हणजे कच्चा खर्डा. फायनलला सगळं नव्यानं, स्वच्छ, सुरात, आणि पुष्कळदा मेलेलं. डेमोत गायकानं जे सहज केलेलं असतं ते दुसऱ्यांदा होत नाही, हे प्रत्येक रेकॉर्डिस्टला माहीत असतं. पण तसं म्हणायला वेळ लागतो, आणि वेळ तर निर्मात्याचा.

तिचं मुख्य वाद्य तेव्हा फेअरलाइट हा ऑस्ट्रेलियन संगणक होता. हिरव्या अक्षरांचा पडदा, त्यावर टेकवायचं प्रकाशाचं पेन, आणि पियानोसारखी पट्टी. कुठलाही आवाज आत घ्यायचा आणि पट्टीवर वाजवायचा. एका आवाजाला स्मृती किती? १६ किलोबाइट. तुमच्या फोनमधला ‘शुभ सकाळ’चा फुलांचा फोटो याच्या कितीतरी पट जड असतो. एवढ्याशा जागेत पूर्ण दर्जाचा आवाज सेकंदभरही मावत नाही, म्हणून तो खरखरीत, कडेला फाटलेला येतो. तिनं ते फाटलेपण लपवलं नाही.

आता पहिल्या बाजूवरचं पहिलं गाणं. सुरुवातीलाच खाली एक लांब स्वर लागतो आणि मागं धरून राहतो. हाच तो तुमचा तानपुरा. त्यावर ड्रम मशीनची दौड आणि फेअरलाइटवरची ती हुंदक्यासारखी ओळ. मूळ नाव ‘अ डील विथ गॉड’: बाई आणि पुरुषानं देवाशी सौदा करून जागांची अदलाबदल केली, तर एकमेकांचं दुखणं कळेल का? कंपनी म्हणाली, नावात देव असेल तर धार्मिक देशांतली रेडिओ स्टेशनं गाणं वाजवणार नाहीत. ती सहजासहजी वाकणारी नव्हे, पण ‘द ड्रीमिंग’चा मार ताजा होता आणि कामात दोन वर्षं गेलेली. नाव झालं ‘रनिंग अप दॅट हिल’. नावातला देव गेला, गाण्यातला काढणं कुणाला जमलं नाही.

१९८५च्या ऑगस्टमध्ये एका इंग्लिश संगीत-साप्ताहिकानं ‘हल्ली कुठं असतात हे लोक’ अशा थाटाच्या यादीत तिचं नाव छापलं आणि त्याच सुमारास हे गाणं बाहेर आलं. ब्रिटनमध्ये तिसरा क्रमांक. सप्टेंबरमध्ये अल्बम आला आणि मॅडोनाला खाली ढकलून पहिल्या जागी बसला. अमेरिकेतही गाणं तिसाव्या क्रमांकापर्यंत चढलं; तिथं तिला तोवर फारसं कुणी ओळखत नव्हतं. कंपनीची तक्रार मिटली.

पण हे सगळं पहिल्या बाजूचं यश. दुसरीवर गाजेल असं एकही गाणं नाही, आणि ते मुद्दाम आहे. पहिल्या बाजूनं भाडं भरायचं आणि दुसरीनं राहायचं, असा तो हिशेब आहे.

ती बाई झोपेशी झगडतेय तिथून ‘अंडर आइस’ सुरू होतं. अडीच मिनिटंही नाहीत. फेअरलाइटची तंतुवाद्यं बर्फावर पातं ओढल्यासारखी दोनच हिसके देत राहतात. ती स्वप्नात बर्फावर घसरत खेळतेय, बर्फाखाली कुणीतरी हलताना दिसतं, वाकून बघते तर ती स्वतःच. मग घरच्यांचे, मित्रांचे आवाज तिला उठवतायत: ऊठ, जागी हो. तेवढ्यात तिच्यावर चेटकीण म्हणून खटला उभा राहतो, आणि तिचा आवाज तुकड्यातुकड्यांनी येतो, पाण्यात बुडून वर आल्यासारखा. त्यानंतरचं गाणं मला सगळ्यांत अवघड जातं. ती भूत होऊन घरी आलीय. नवरा वाट बघतोय, घड्याळ बघतोय, आणि त्याला ती दिसत नाही. मग आयर्लंडमधल्या वादकांची लोकधून उसळते. ती डब्लिनला जाऊन रेकॉर्ड केली. तिथं म्हातारपणीची ती स्वतःच येऊन तरुण स्वतःला बजावते, तू मेलीस तर मी कुठून येणार?

आणि सहावं, ‘हॅलो अर्थ’. पृथ्वीकडे आकाशातून बघणारं गाणं. याच्या मधोमध दोन मोठ्या रिकाम्या जागा होत्या. बाकी सगळं झालं, पण तिथं काय असावं हे तिला कळत नव्हतं, आणि त्या जागा कितीतरी काळ टेपवर तशाच कोऱ्या पडून होत्या. कुठल्या शिफ्टमध्ये परवडेल हे? आम्ही तिथं बासरी टाकून मोकळे झालो असतो. शेवटी तिला जर्मन दिग्दर्शक वेर्नर हेर्झोगच्या ‘नोस्फेराटू’ चित्रपटात ऐकलेली एक जॉर्जियन लोकधून आठवली, आणि पुरुषांच्या कोरसकडून ती गाऊन घेतली. संथ, खालच्या पट्टीतली, शब्द न कळणारी.

माझी टेप त्या दुसऱ्या कोऱ्या जागेच्या आसपास संपायची. म्हणजे कोरस येतो, पाणी बंद होतं, खट्. मला तो शेवट फार थोर वाटायचा. मित्रांना मी त्यावर भाषणं दिली आहेत.

१९९७मध्ये इंग्लंडहून आलेल्या मावसभावानं सीडी आणली. मी टेबलाशी बसून काहीतरी दुरुस्त करत होतो, सोल्डरिंगचा गन हातात. खट् झालं नाही. कोरस संपला, कुणीतरी जर्मनमध्ये पुटपुटलं, आणि मग गिटार. स्वच्छ, सकाळसारखी, ती शास्त्रीय गिटारवादक जॉन विल्यम्सची आहे हे नंतर वाचलं. ‘द मॉर्निंग फॉग’. बाई वाचली होती. घरी जाऊन आईला, वडिलांना, भावांना सांगणार होती की माझं तुमच्यावर किती प्रेम आहे. गन गरमच राहिला आणि टेबलाच्या सनमायकावर एक डाग पडला, तो अजून आहे.

२०१४मध्ये तिनं लंडनला सलग कार्यक्रम केले, २२ रात्री, आणि त्यात ही संपूर्ण दुसरी बाजू रंगमंचावर आणली. त्यातल्या एका चित्रफितीसाठी ती पाण्याच्या टाकीत तासन् तास तरंगत प्रत्यक्ष गायली आणि गारठून आजारी पडली. छप्पन्नाव्या वर्षी. म्हणजे हिला अजूनही ‘छान झालंय हो’ कुणी म्हणू शकलेलं नाही.

२०२२चं तुम्हाला माहीत आहे. ‘स्ट्रेंजर थिंग्ज’ मालिकेत ‘रनिंग अप दॅट हिल’ वाजलं आणि ३७ वर्षांनी ते ब्रिटनमध्ये पहिल्या क्रमांकावर गेलं. माझी भाची मला ते गाणं ‘नवीन’ म्हणून ऐकवत होती. मी म्हटलं, याच्या मागच्या बाजूला एक बाई पाण्यात आहे. ती म्हणाली, “मामा, याला मागची बाजू नसते.” मोबाइल उलटा करून दाखवला.

आमच्या घरी मात्र वाद आहे. बायकोनं लग्नानंतर कॅसेटच ऐकली होती, आणि तिच्या मते शेवट तोच खरा. सीडीवाला तिला गोड करून चिकटवल्यासारखा वाटतो. मी सीडीच्या बाजूचा. आज दोन्ही आणलंय. कॅसेट प्लेअरचा बेल्ट सैल आहे, त्यामुळं कोरस थोडा खाली उतरून ऐकू येईल. आधी ती लावतो. खट् झालं की उठू नका, पाच मिनिटांत सीडी लावतो. नाट्यसंगीतवाल्यांनीही.