पेन ड्राइव्हवरून फिरणारा अभ्यास

श्रोतेहो, नमस्कार. कॉलेजात पुस्तकांची अडचण कशी असते, ते तुम्हाला ठाऊक आहेच. लायब्ररीत संदर्भग्रंथाच्या मोजक्या प्रती, वर्ग भरलेला, आणि हाती पुस्तक येईतो पहिली चाचणी उरकलेली. मग कुणाकडून तरी पीडीएफ येते. बहुतेक वेळा चोरीचीच!

पण हक्काने घेता येईल असं साहित्यही आता पुष्कळ आहे. अमेरिकेतलं राईस विद्यापीठ २०१२ पासून ‘ओपनस्टॅक्स’ या नावाने पदवीची पाठ्यपुस्तकं खुल्या परवान्याने देतंय. आपल्या आयआयटींचं आणि बंगळूरच्या आयआयएस्सीचं ‘एनपीटीईएल’, म्हणजे व्हिडिओ व्याख्यानांचं भांडार, तेही अनेकांनी ऐकलं असेल. मला मात्र आज पवईबद्दल, आयआयटी मुंबईच्या ‘स्पोकन ट्युटोरियल’बद्दल बोलायचंय.

प्राध्यापक कण्णन मौद्गल्य यांच्या पुढाकाराने उभा राहिलेला हा प्रकल्प. पायथन, सायलॅब, लिब्रेऑफिस अशी सॉफ्टवेअर शिकवणारे साधारण दहा-दहा मिनिटांचे धडे. अर्ध्या पडद्यावर धडा, उरलेल्या अर्ध्यावर खुद्द ते सॉफ्टवेअर. ऐकायचं, थांबवायचं, लगेच करून बघायचं. संहिता आधी त्या विषयातल्या नवख्याला दाखवतात. त्याला कळलं, तरच पुढे ध्वनिमुद्रण.

हे धडे मराठीतही आहेत. पडद्यावरचे मेनू इंग्रजीच, कानावर येणारा आवाज तेवढा मराठी. बारावीपर्यंत मराठीतून शिकलेल्या मुलीला एकाच वेळी दोन्ही सापडतं: नोकरीत लागणारे इंग्रजी शब्द, आणि ते का वापरायचे हे आपल्या बोलीत. माझ्या मते, भारी फी घेणाऱ्या कित्येक क्लासेसना हे साधलेलं नाही.

आणि हे साधतं ते या धड्यांच्या खुल्या परवान्यामुळे. मूळ कर्त्याचं नाव द्या, बदल केलात तर तोही याच अटींवर इतरांना द्या. बाकी कुणाला विचारायला नको. होस्टेलला नेट नसेल तर पेन ड्राइव्हवरून द्या. सरांना एखादा भाग नको असेल तर त्यांनी तो खुशाल वगळावा. नुसतं ‘फुकट बघा’ म्हणणाऱ्या व्हिडिओत ही मोकळीक नसते.

अडचण एकच, पण मोठी: परीक्षा आपल्या विद्यापीठाची असते. कुठला धडा कुठल्या युनिटला लागतो, हे मुलांना एकट्याने उमगत नाही. प्राध्यापक मंडळी, सत्राच्या सुरुवातीला तेवढी यादी करून वर्गाच्या ग्रुपवर टाकाल का?