पेट्रोल जातं कुठं?

(कोल्हापुरात कारचालकांसमोर दिलेल्या व्याख्यानाचं संपादित शब्दांकन)

मंडळी, नमस्कार. गाडीचं ॲव्हरेज वाढवायचं म्हटलं की बोलणं लगेच गॅरेजवर जातं. प्लग बदलू का, फिल्टर बदलू का, टाकीत ओतायचं ते औषध आणू का, असं विचारतात. मी आज ब्रेकपासून सुरुवात करणार आहे, कारण पुष्कळ पेट्रोल आपण तिथं घालवतो आणि ते आपल्या लक्षातही येत नाही.

जरा हिशोब मांडू. माणसांसकट 1000 किलो वजनाची गाडी ताशी 60 किलोमीटरवर आली, की तिच्यात साधारण 139 किलोज्यूल ऊर्जा साठलेली असते. एक लिटर पेट्रोलमध्ये 32 मेगाज्यूलच्या आसपास ऊर्जा असते, पण तिचा जेमतेम पाचवा-चौथा हिस्सा चाकांपर्यंत पोचतो. बाकीची उष्णता होऊन सायलेन्सरमधून आणि रेडिएटरवरून निघून जाते. म्हणजे गाडी नुसती 60 वर न्यायला 17 ते 22 मिलीलिटर पेट्रोल लागतं. आता तुम्ही ब्रेक दाबून गाडी जागेवर उभी केलीत. ती सगळी ऊर्जा डिस्क आणि ब्रेक पॅड तापवण्यात संपली, त्यातला एक थेंबही परत टाकीत येत नाही. असे 20 थांबे झाले की 400 मिलीच्या आसपास पेट्रोल ब्रेकच्या तोंडी गेलं.

यातली महत्त्वाची गोष्ट अशी की वेग निम्मा केला की ही ऊर्जा चौथाई होते. 30 वरून थांबलात तर नुकसान पाच मिलीचं. म्हणून पुढं लाल दिवा दिसतोय, गतिरोधक दिसतोय, तर तिथपर्यंत ॲक्सिलरेटर दाबत जाऊन शेवटी कचकन ब्रेक मारण्यात काहीच हशील नाही. पाय आधी काढा, गाडी आपोआप मंदावू द्या, शेवटच्या टप्प्यात ब्रेकवर हलकेच पाय ठेवा. पुष्कळदा तोवर सिग्नल हिरवा होतो आणि थांबावंच लागत नाही.

आपल्या भागात याची खरी परीक्षा गळीत हंगामात होते. पुढं ट्रॅक्टर, त्याला दोन ट्रॉल्या, ऊस बाहेर आलेला. मागच्या कारवाल्याला घाई. तो दुसऱ्या गिअरमध्ये गाडी रेटतो, ट्रॉलीच्या बुडाशी जातो, समोरून एसटी दिसली की ब्रेक मारतो, मागं येतो, पुन्हा रेटतो. पाच किलोमीटरमध्ये दहा वेळा हे चालतं. त्याच ट्रॉलीमागं चार गाड्यांचं अंतर ठेवून तिसऱ्या गिअरमध्ये एकसारखं चाललात, तर पुढचा रस्ता नीट दिसतो, ओव्हरटेक एकदाच आणि सुरक्षित होतो. रात्री तर हे अंतर ठेवाच. त्या ट्रॉल्यांना मागं दिवा असेलच याचा भरवसा नसतो, आणि पेट्रोलपेक्षा जीव मोठा.

आता घाटाकडं वळू. आंबा घाट उतरताना, गगनबावड्याहून खाली जाताना गाडी न्यूट्रल करणारे आजही पुष्कळ भेटतात. वडील करायचे, म्हणून मुलगाही करतो. कार्ब्युरेटरच्या गाड्यांच्या काळात या सवयीनं थोडं वाचतही असेल. पण आजच्या इंजेक्शनच्या गाडीत नेमकं उलटं घडतं. गाडी गिअरमध्ये आहे, पाय ॲक्सिलरेटरवरून पूर्ण काढलाय आणि चाकं इंजिनाला फिरवतायत, अशा वेळी गाडीचा संगणक इंजेक्टर, म्हणजे पेट्रोल फवारणाऱ्या तोट्या, बंदच करतो. पेट्रोल शून्य. न्यूट्रल केलंत की इंजिनाला स्वतःच्या जिवावर चालू राहावं लागतं, म्हणून इंजेक्टर पुन्हा सुरू होतात. ज्यांच्या गाडीत चालू क्षणाचं ॲव्हरेज पडद्यावर दिसतं, त्यांनी उताराला गिअरमध्ये पाय काढून तो आकडा बघावा. तो लगेच टोकाला जाऊन बसतो.

आणि इंधनाहून मोठा धोका ब्रेकचा आहे. न्यूट्रलमध्ये गाडीचं सगळं ओझं ब्रेकवर येतं. पॅड तापतात, ती उष्णता ब्रेक ऑइलपर्यंत जाते. ब्रेक ऑइल हवेतलं पाणी शोषून घेतं. डॉट 3 आणि डॉट 4 हे या ऑइलचे दर्जे. नवं डॉट 3 ऑइल 205 अंशांपर्यंत उकळत नाही, पण पाणी मुरलं की हीच मर्यादा 140 पर्यंत खाली येऊ शकते. डॉट 4 साठी हे आकडे 230 आणि 155 आहेत. ऑइल उकळलं की त्यात बुडबुडे होतात, पेडल स्पंजासारखं खाली जातं आणि गाडी थांबत नाही. कोकणातल्या दमट हवेत ज्यांचं सतत येणंजाणं आहे, त्यांनी दर दोन वर्षांनी ब्रेक ऑइल बदलावंच. सर्व्हिसिंगच्या यादीत ते बहुधा राहून जातं, म्हणून आपणहून सांगा. उतारावर इंजिन बंद करणं तर याहून भयंकर. ब्रेक बूस्टर आणि पॉवर स्टिअरिंग, दोन्हींची साथ सुटते. घाट ज्या गिअरमध्ये चढलो असतो, साधारण त्याच गिअरमध्ये उतरायचा, हा जुन्या ड्रायव्हरांचा नियम आजही शंभर टक्के खरा आहे.

महामार्गावर मात्र पेट्रोल खाते ती हवा. हवेचा अडथळा वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. ताशी 80 ऐवजी 100 नं गेलात, तर वेग 25 टक्के वाढला, पण हवेचा रेटा 56 टक्के वाढला. शंभर किलोमीटरच्या मोकळ्या रस्त्यावर वाचतात ती 15 मिनिटं, आणि तीसुद्धा वाटेत टोलनाका किंवा वळणरस्ता लागला नाही तर. पुण्याला जाताना टपावर रिकामा कॅरिअर तसाच ठेवून जाणारे लोक मला रोज दिसतात. तो काढून ठेवा. काचांचंही तसंच. गावात हळू चालताना काचा उघड्या ठेवून एसी बंद ठेवणं परवडतं, महामार्गावर मात्र काचा बंद करून एसी लावलेला बरा.

टायरबद्दल थोडं सविस्तर बोलतो, कारण या कामाला जवळजवळ काही खर्च नाही. हवा महिन्याला एक-दोन पौंड आपोआप उतरते, पंक्चर नसलं तरी. मऊ टायर प्रत्येक फेऱ्यात जास्त दबतो आणि दबताना तापतो. ती उष्णताही पेट्रोलमधूनच येते. हवा किती हवी हे टायरवर शोधू नका. तिथं लिहिलेला आकडा त्या टायरच्या कमाल मर्यादेचा असतो. ड्रायव्हरचा दरवाजा उघडा, चौकटीवर स्टिकर दिसेल, त्यावर रिकाम्या आणि भरल्या गाडीसाठी वेगळे आकडे असतात. हवा सकाळी, टायर थंड असताना भरा. लांबून आल्यावर तापलेल्या टायरमध्ये आकडा चार-पाच पौंड जास्त दिसतो, आणि जास्त दिसली म्हणून तेव्हा हवा काढली की दुसऱ्या दिवशी टायर मऊ.

हवा भरताना टायरवरून तळहात आडवा फिरवा. दोन्ही कडा झिजल्या असतील तर हवा कायम कमी असते. फक्त मधला भाग झिजला असेल तर जास्त. एकाच बाजूची कड झिजली असेल, किंवा एका दिशेनं हात सरकतो आणि उलट दिशेनं करवतीसारखी धार लागते, तर अलाइनमेंट बिघडलंय. अशी गाडी रस्त्यावर टायर तिरके घासत चालते, टायरही खाते आणि पेट्रोलही. नक्षीच्या खाचांमध्ये रबराचे छोटे आडवे उंचवटे असतात. झीज त्यांच्या पातळीला आली म्हणजे खोली 1.6 मिलिमीटर उरली, टायर संपला. आपल्याकडच्या पावसात मी तिथपर्यंतही थांबू देणार नाही.

दहा-पंधरा किलोमीटर जाऊन आल्यावर आणखी एक गोष्ट करा. चारही चाकांच्या मध्याजवळ हात न्या, चिकटवू नका. एकच चाक बाकीच्यांपेक्षा स्पष्ट गरम लागलं, तर तिथला ब्रेक चिकटून राहतोय. अशी गाडी ब्रेक दाबून चालवल्यासारखी पेट्रोल पिते, आणि दुरुस्तीचं काम बहुधा छोटंच निघतं.

सिग्नलचा प्रश्न नेहमी येतो. इंजिन नुसतं चालू ठेवलं तर छोटी पेट्रोल गाडी तासाला अर्धा-पाऊण लिटर जाळते, एसी लावला तर त्याहून जास्त. पेट्रोलियम मंत्रालयाची पीसीआरए ही इंधनबचतीचं काम करणारी संस्था आहे. तिचा सल्ला असा की 14 सेकंदांपेक्षा जास्त थांबायचं असेल तर इंजिन बंद करा. सिग्नलवर आकडे उलटे मोजत असतात, तेव्हा हे ठरवणं सोपं आहे. रेल्वे फाटकावर तर विचारच करू नका. सकाळी गाडी सुरू करून दहा मिनिटं अंगणात तापवत ठेवायचीही गरज नाही. अर्धा मिनिट थांबा, निघा, आणि पहिले दोन-तीन किलोमीटर सबुरीनं चालवा. चालत असतानाच इंजिन लवकर तापतं.

गॅरेजकडं येतो. एअर फिल्टर बदलला की ॲव्हरेज वाढतं असं सगळे म्हणतात. कार्ब्युरेटरच्या गाडीत ते खरं होतं. इंजेक्शनच्या पेट्रोल गाडीत हवा कमी आली तर संगणक पेट्रोलही कमी सोडतो, त्यामुळं तुंबलेल्या फिल्टरनं गाडीची ओढ कमी होते, ॲव्हरेजवर फारसा परिणाम होत नाही. फिल्टर बदलायचा तो इंजिनात धूळ जाऊ नये म्हणून. ऑइलचं मात्र नीट बघा. आजच्या बऱ्याच छोट्या पेट्रोल इंजिनांना 0डब्ल्यू-20 सारखं पातळ ऑइल लागतं. उन्हाळा आहे, घट्ट टाकूया, असं कुणी म्हणालं तर ऐकू नका. घट्ट ऑइल ढवळण्यातच इंजिनाची ताकद जाते. माहितीपुस्तिकेत जो ग्रेड लिहिलाय तोच घ्या आणि डबा समोर फोडायला सांगा. रेडिएटरमध्ये बोअरचं पाणी कधीच नको, क्षार बसतात. आणि गरम इंजिनावर रेडिएटरचं झाकण उघडू नका, आत दाब असतो, चेहरा भाजतो.

1 एप्रिल 2020 नंतरच्या बीएस 6 डिझेल गाडीवाल्यांनो, तुमच्या सायलेन्सरच्या वाटेवर काजळी अडवणारी जाळी आहे. ती साफ व्हायला धूर सुमारे 600 अंश तापावा लागतो. घर ते दुकान दोन किलोमीटर आणि परत, एवढंच चालवणाऱ्यांची जाळी तुंबते. डॅशबोर्डवर तिचा दिवा लागला तर दुर्लक्ष न करता त्याच दिवशी महामार्गावर वीसेक मिनिटं एकसारख्या वेगानं, जरा खालच्या गिअरमध्ये गाडी न्या. रोजचं चालणं इतकंच असेल तर डिझेल गाडी घेऊच नका, असं मी स्पष्ट सांगतो.

शेवटी इथेनॉल, कारण ते आपल्याच उसाचं आहे आणि प्रश्नही त्यावर सगळ्यात जास्त आलेत. इथेनॉलच्या लिटरमध्ये पेट्रोलच्या लिटरपेक्षा जवळजवळ एकतृतीयांश ऊर्जा कमी असते. त्यामुळं ई20 मध्ये, म्हणजे 20 टक्के इथेनॉल मिसळलेल्या पेट्रोलमध्ये, शुद्ध पेट्रोलपेक्षा सुमारे सात टक्के आणि 10 टक्के इथेनॉलच्या ई10 पेक्षा सुमारे साडेतीन टक्के ऊर्जा कमी भरते. इंजिन त्यासाठी जुळवलेलं असेल तर फरक कमी पडतो. ॲव्हरेज पाच टक्क्यांच्या आत घटलं असेल तर गाडीत दोष शोधत बसू नका. पंधरा-वीस टक्के घटलं असेल तर दोष इंधनाचा नाही, चिकटलेला ब्रेक, मऊ टायर, खराब सेन्सर यांपैकी काहीतरी आहे. जुन्या गाडीत रबरी नळ्या दर सर्व्हिसिंगला तपासून घ्या, पेट्रोलचा वास आला तर त्याच दिवशी. आणि पावसाळ्यात महिनाभर गाडी उभी राहणार असेल तर टाकी अर्धी ठेवू नका. रिकाम्या जागेतल्या हवेतलं पाणी इथेनॉल ओढून घेतं.

हा फरक मोजायचा कसा? पडद्यावरच्या आकड्यावर विसंबू नका. टाकी फुल्ल करा, नोझल पहिल्यांदा आपोआप बंद झालं की थांबायला सांगा, किलोमीटर लिहा. पुढच्या वेळी शक्यतो त्याच पंपावर, तसंच पहिल्या कटला थांबून पुन्हा फुल्ल करा आणि चाललेल्या किलोमीटरला भरलेल्या लिटरनं भागा. एका टाकीवर निष्कर्ष काढू नका, तीन-चार टाक्यांची सरासरी घ्या. मापाची शंका असेल तर पंपावर पाच लिटरचं प्रमाणित माप ठेवलेलं असतं, ते मागण्याचा तुम्हाला अधिकार आहे. पाच लिटरला 25 मिलीपर्यंतचा फरक नियमात बसतो. त्याहून कमी भरलं तर वैधमापन विभागाकडं तक्रार करा.

आता तुमचे प्रश्न घेऊ. ज्यांनी गाडीची माहितीपुस्तिका सोबत आणलीय, त्यांनी ती उघडून बसा.