गाठीला आधी हात, मग सुई

मंडळी, समोर बहुतेक गोठेवाले दिसतायत, मागच्या रांगेत कुत्री-मांजरं पाळणारी मंडळी आहेत आणि दोन-तीन पशुधन पर्यवेक्षकही आलेत. विषय जनावरांच्या लसिकापेशींच्या आणि रक्ताच्या कर्करोगाचा आहे, तरी सुरुवात गोचिडापासून करतो. आपल्या भागात एखाद्या जनावराच्या अंगावर गाठ दिसली, तर ती कर्करोगाची असण्यापेक्षा गोचिडाच्या आजाराची असण्याची शक्यता कितीतरी जास्त असते.

तरी गाठ बघायची कुठं? गाईच्या खांद्याच्या सांध्याच्या थोडं वर आणि पुढं बोटं सपाट ठेवून कातडीवर दाबा आणि पुढं-मागं सरकवा. लांबट, चपटी, बोटाखालून निसटणारी एक वस्तू लागते. ती लसिकाग्रंथी, म्हणजे निरोगी अंगातही असणारी गाठ. दुसरी कुशीच्या पटात, मांडीच्या पुढच्या बाजूला. तिसरी कासेच्या मागं वरच्या अंगाला, चौथी जबड्याखाली. आज घरी गेल्यावर धडधाकट गाईच्या गाठी चाचपून ठेवा. निरोगी गाठ हाताला माहीत नसेल तर सुजलेली कशी ओळखणार? दोन्ही बाजू एकाच वेळी चाचपायची सवय लावा. एकीकडचीच गाठ मोठी असेल तर आधी त्या बाजूला जखम, गळू, काटा आहे का ते शोधा.

आता सुजलेल्या गाठीची पहिली ओळख, थायलेरिया. हा परजीवी हायलोमा जातीच्या गोचिडातून येतो आणि एचएफ-जर्सी संकरित गाईंना देशीपेक्षा जास्त बाधतो. ताप १०४ ते १०६ फॅरेनहाइट, खांद्याची गाठ लिंबाएवढी किंवा त्याहून मोठी, डोळ्याच्या आतली कातडी फिकट, दूध एकदम खाली. यातली गंमत म्हणा की भीती म्हणा, ती अशी: हा परजीवी लसिकापेशीच्या आत बसतो आणि तिला सतत विभागायला लावतो. पेशी दोन भागांत फुटताना जी दोरी दोन्हीकडं ओढते, तिलाच तो चिकटतो आणि पेशीबरोबर स्वतःही विभागला जातो. म्हणजे पेशीचं वागणं हुबेहूब कर्करोगाचं, आणि तरी परजीवी मेला की ती पुन्हा माणसात येते. कर्करोगाची इतकी चोख नक्कल करून औषधानं परत फिरणारा दुसरा आजार सहज सापडायचा नाही.

औषध बुपारवाकोन, वजनाच्या किलोला अडीच मिलीग्रॅम. बाटलीत ५० मिलीग्रॅम प्रति मिली असतं, म्हणजे २० किलोला १ मिली. ३०० किलोच्या गाईला १५ मिली. ते सगळं एका जागी टोचायचं नाही. एका जागी १० मिलीच्या आत, मानेच्या स्नायूत खोल, दोन वेगळ्या जागी. ताप दोन-चार दिवसांत उतरतो, गाठ त्यानंतर हळूहळू बसते. ताप गेला, गाईनं वैरण धरली, पण तीन आठवड्यांनीही गाठ तशीच दगडासारखी राहिली, तर मात्र वेगळा विचार करायचा.

तो विचार करायला सुई लागते. मी औषधाची म्हणत नाही, नमुन्याची सुई. ही गोष्ट गावच्या दवाखान्यात होऊ शकते, म्हणून नीट सांगतो. गाठीवरचे केस कापा, स्पिरिट लावा आणि ते वाळू द्या. ओलं स्पिरिट सुईतून आत गेलं तर पेशी खराब होतात. गाईला २० गेजची सुई, कुत्र्याला २२ची. एका हातानं गाठ पकडून स्थिर करा, नुसती सुई आत घाला आणि पाच-सहा वेळा दिशा बदलत मागं-पुढं करा. सिरिंजनं ओढायची गरज नाही, ओढलं की रक्त येतं आणि नमुना वाया जातो. सुई बाहेर काढा, सिरिंजमध्ये आधी हवा भरून घ्या, मग ती सुईला जोडा आणि एका फटक्यात थेंब काचेवर सोडा. दुसरी काच त्यावर ठेवून अलगद सरकवा. दाबायचं नाही. लसिकापेशी अंड्याच्या पिवळ्या बलकासारख्या नाजूक असतात, दाबल्या की फुटतात, आणि दुर्बिणीखाली नुसते जांभळे डाग दिसतात. हवेत काच हलवून वाळवा, मग मिथेनॉलमध्ये बुडवा आणि जिम्सा रंग द्या. नाव पेन्सिलनं लिहा, शाई मिथेनॉलमध्ये धुऊन जाते. आणि ही काच फॉर्मलिनच्या बाटलीबरोबर एकाच डब्यात ठेवून पाठवू नका. बाटलीचं झाकण घट्ट असलं तरी तिच्या वाफेनं पेशी निळसर-करड्या होतात आणि तपासणाऱ्याच्या हाताला काही लागत नाही. मोठा प्रवास करून काच प्रयोगशाळेत पोचते आणि या एका कारणानं फुकट जाते, हे वारंवार घडतं.

आता काच वाचायची. निरोगी किंवा नुसत्या सुजलेल्या गाठीत बहुसंख्य पेशी लहान असतात, तांबड्या पेशीपेक्षा थोड्याशाच मोठ्या. लिम्फोमात, म्हणजे लसिकापेशींच्या कर्करोगात, निम्म्याहून जास्त पेशी मोठ्या दिसतात, तांबड्या पेशीच्या दुपटीहून मोठ्या, सगळ्या एकाच साच्यातून काढल्यासारख्या. थायलेरियात पेशीच्या आत निळसर ठिपक्यांचे पुंजके असतात, त्यांना कॉखचे निळे पिंड म्हणतात. नुसत्या रक्तात परजीवी दिसला म्हणून आजार तोच असं धरू नका. बरी झालेली गाय वर्षानुवर्षं तो रक्तात बाळगते.

लिम्फोमा म्हणजे लसिकापेशींचा गाठींमध्ये किंवा अवयवांमध्ये वाढणारा कर्करोग, ल्युकेमिया म्हणजे अस्थिमज्जेत सुरू होऊन रक्तात उतरणारा. दोन्हींत सरमिसळ होतेच. गाईला यातला मोठा भाग विषाणूमुळं होतो. त्याचं नाव बोवाइन ल्युकेमिया व्हायरस, १९६९ साली तो सापडला. विषाणू गाईच्या पेशीच्या जनुकांतच घर करतो, म्हणून एकदा लागला की तो जन्मभर राहतो. त्यावर औषध नाही. पण लागण झाली म्हणजे कर्करोग झाला असं नाही. बहुतेक गाई शेवटपर्यंत ठणठणीत दिसतात, साधारण एक-तृतीयांश गाईंत पांढऱ्या पेशी कायम वाढलेल्या राहतात, आणि पाच टक्क्यांहून कमी गाईंना प्रत्यक्ष गाठी होतात, त्याही बहुधा तीन-चार वर्षांच्या पुढं.

त्या गाठी कुठं होतात यावर लक्षण ठरतं. डोळ्यामागं झाली तर डोळा बाहेर येतो. चौथ्या पोटाला झाली तर तिथं व्रण होऊन शेण काळं, डांबरासारखं पडतं. मणक्याच्या पोकळीत झाली तर मागचे पाय लटपटतात. हृदयाच्या उजव्या कप्प्याला झाली तर गळ्याची शीर फुगते आणि छातीखाली पाणी उतरतं. हे शेवटचं चित्र तार किंवा खिळा गिळलेल्या गाईसारखंच असतं, आणि तिथं हमखास फसगत होते. वेत झाल्यानंतर दूध का उतरलं, गाय का खंगली, हे कळत नसेल तर गुदमार्गातून हात घालून कमरेखालच्या गाठी चाचपल्याशिवाय डॉक्टरांना सोडू नका.

प्रसार कसा होतो, हे गोठेवाल्यांनी ऐकावं. हा विषाणू उघड्यावर टिकत नाही, तो रक्तातल्या जिवंत लसिकापेशीबरोबरच जातो. डोळ्यांना दिसणार नाही एवढं रक्त पुरतं. म्हणजे मोहिमेत लाळ्या-खुरकुताची लस टोचताना एकाच सुईनं अख्खी गल्ली उरकली, शिंगं काढायची कात्री एकामागून एक वापरली, गाभण तपासायचा हातमोजा बदलला नाही, की काम झालं. गोमाशीसारखी मोठी चावणारी माशीही तो नेते. म्हणून एका जनावराला एक सुई, आणि बाटलीत तीच वापरलेली सुई पुन्हा घालायची नाही. ‘सुई स्पिरिटनं पुसली’ हा उपाय नव्हे, सुईच्या पोकळीत रक्त राहतंच. सुई एक-दोन रुपयांची, गाय लाखाची. हिशोब कोल्हापूरकरांना शिकवायची गरज नाही!

गोठ्यात विषाणू आहे का, हे रक्ताच्या किंवा दुधाच्या एलायझा चाचणीनं, म्हणजे विषाणूविरुद्धची प्रतिद्रव्यं शोधून कळतं. वासरू सहा महिन्यांचं होईपर्यंत तपासू नका, चिकातून आलेली आईची प्रतिद्रव्यं खोटं उत्तर देतात. बाधित निघालेल्या जनावराची धार शेवटी काढा, त्याची दावणही वेगळी करा. युरोपातल्या अनेक देशांनी बाधित जनावरं काढत जाऊन हा विषाणू संपवला. इतकं करणं आपल्याला परवडेल असं मला वाटत नाही, पण सुई बदलणं नक्की परवडेल.

वासरांत आणि कालवडींत या विषाणूशिवायही लिम्फोमा होतो. सहा महिन्यांच्या आतलं वासरू सगळ्या गाठी सुजून खंगतं, वर्ष-दीड वर्षाच्या कालवडीला छातीच्या वरच्या तोंडाशी मोठी सूज येते आणि पोट सारखं फुगतं. तरण्या गाईंत कधी कातडीवर गाठी येतात, त्या २०२२च्या लंपीच्या साथीनंतर लोकांना लंपीच वाटतात. लंपीत ताप असतो आणि गाठी अचानक, एकदम येतात, हा फरक ध्यानात असू द्या.

आता मागच्या रांगेकडं वळतो. कुत्र्यात लिम्फोमा नेहमीचा आहे, आणि दहांतल्या आठ वेळा तो सगळ्या बाहेरच्या गाठींत दिसतो: जबड्याखाली, खांद्यापुढं, मागच्या गुडघ्यामागं. गाठी कठीण पण दुखत नाहीत, कुत्रं जेवतं-खेळतं, म्हणून मालक आठवडे घालवतात. नमुना गुडघ्यामागच्या गाठीतून घ्या. जबड्याखालची गाठ दातांच्या घाणीनंही सुजते. कुत्रं अचानक फार पाणी प्यायला आणि लघवी करायला लागलं तर रक्तातलं कॅल्शियम तपासा, लसिकापेशींचे बी आणि टी असे दोन प्रकार, त्यातल्या टी-पेशींच्या लिम्फोमात ते वाढतं. इथंही गोचीड आडवं येतंच. एर्लिकिया या गोचिडाच्या आजारात गाठी सुजतात, प्लेटलेट घसरतात, कधी कधी रक्तात लसिकापेशी इतक्या वाढतात की ल्युकेमिया वाटावा. त्याला डॉक्सिसायक्लिन, किलोला रोज १० मिलीग्रॅम, २८ दिवस.

एक चूक मात्र सगळीकडं होते. गाठ बघितली की प्रेडनिसोलोन हे स्टेरॉइड सुरू! गाठ चार दिवसांत बसते, मालक खूश. पण स्टेरॉइडनं कर्करोगाच्या पेशीही मरतात, आणि उरतात त्या पुढच्या औषधांना दाद न देणाऱ्या. नमुना घेतला तर काही दिसत नाही, उपचार केला तर लागत नाही. काच हातात आल्याशिवाय स्टेरॉइड नको.

उपचार न करता कुत्रं साधारण चार ते सहा आठवडे जगतं, नुसत्या स्टेरॉइडवर एक-दोन महिने. चार औषधांच्या केमोथेरपीनं बहुतेक कुत्र्यांच्या गाठी पूर्ण बसतात, आणि बी-पेशींच्या प्रकारात सरासरी वर्षभराचं चांगलं आयुष्य मिळतं. आजार कायमचा जाणं क्वचित, हे आधीच मान्य करून सुरू करायचं. पहिल्या आठवड्यात व्हिन्क्रिस्टिन, दुसऱ्यात सायक्लोफॉस्फामाइड, तिसऱ्यात पुन्हा व्हिन्क्रिस्टिन, चौथ्यात डॉक्सोरुबिसिन, पाचवा आठवडा विश्रांती. अशा चार फेऱ्या, एकूण १९ आठवडे. प्रेडनिसोलोन फक्त पहिले चार आठवडे, उतरत्या मात्रेत.

व्हिन्क्रिस्टिन आपल्या डॉक्टरांच्या ओळखीचं आहे, भटक्या कुत्र्यांच्या लिंगावरच्या गाठींना तेच वापरतात. ते निघतं अंगणातल्या सदाफुलीतून. म्हणून कुणी पाला वाटून पाजायला जाऊ नये, झाड विषारी आहे. मात्रा किलोवर नाही, अंगाच्या पृष्ठभागावर ठरते: ३० किलोचं कुत्रं म्हणजे जवळपास एक चौरस मीटर, त्याला ०.७ मिलीग्रॅमच्या आसपास. शिरेबाहेर एक थेंब सांडला तर कातडी कुजते, म्हणून सलाईनचा कॅथेटर पहिल्याच टोच्यात बसलेला हवा. प्रत्येक डोसआधी न्यूट्रोफिल या पांढऱ्या पेशी मोजा, रक्ताच्या मायक्रोलिटरला १५००च्या खाली असतील तर आठवडाभर थांबा. डोसनंतर सातव्या दिवसाच्या आसपास ताप १०३च्या वर गेला तर सकाळची वाट बघू नका. सायक्लोफॉस्फामाइड सकाळी द्या आणि कुत्र्याला वारंवार बाहेर न्या, लघवी साचली तर मूत्राशयातून रक्त येतं. दोन-तीन दिवस विष्ठा-लघवी हातमोजे घालूनच उचलायची, घरात कुणी गरोदर असेल तर तिनं हे काम करायचं नाही.

मांजरांचं थोडक्यात: त्यांचा ल्युकेमिया विषाणू लाळेतून जातो, एकमेकांना चाटण्यातून, एका ताटलीतून. नवीन मांजर घरात आणण्याआधी दवाखान्यातल्या किटनं तपासून घ्या.

कोंबड्यांत मारेकचा आजार आहे. योझेफ मारेक या हंगेरियन पशुवैद्यानं १९०७ साली त्याचं वर्णन केलं. पक्षी एक पाय पुढं, एक मागं टाकून पडतो, चिरफाड केली तर मांडीची नस एका बाजूला दोरखंडासारखी जाड दिसते. विषाणू पिसांच्या कोंड्यातून शेडभर उडतो. लस पहिल्याच दिवशी हॅचरीत टोचलेली असावी लागते, म्हणून पिल्लं घेताना ते विचारून घ्या. शेडमध्ये आणल्यावर टोचून उपयोग नाही, तोवर कोंडा नाकात गेलेला असतो.

शेवटी हमखास येणारा प्रश्न दुधाचा. कोल्हापुरातल्या गंगावेशीच्या कट्ट्यावर धारोष्ण दूध पिणाऱ्यांनी घाबरायचं का? गाईंचा ल्युकेमिया विषाणू पाश्चरायझेशननं निकामी होतो, आणि त्यानं माणसाला कर्करोग होतो असं सिद्ध झालेलं नाही. कच्च्या दुधात मला जास्त भीती ब्रुसेलाच्या जंतूची आणि क्षयाची वाटते, त्यासाठी उकळी हवीच. बाधित गाईच्या वासराला चीक मात्र द्यायलाच हवा. शक्य असेल तर ६० अंश सेल्सिअसवर तासभर, थर्मामीटर घालून, मंद पाण्यावर ठेवा. विषाणू मरतो आणि प्रतिद्रव्यं टिकतात. त्यापुढं तापला तर वासराच्या वाट्याचा खरवस होतो.