गोडं पाणी, खारं पाणी : लोणार

बुलढाणा जिल्ह्यातलं लोणार. तालुक्याचं गाव. घरं मागे पडतात, थोडं चाललं की पायाखालची जमीनच संपते. समोर १.८ किलोमीटर रुंद, जवळपास १४० मीटर खोल असं गोल विवर आणि तळाशी हिरवट पाणी. दख्खनच्या काळ्या पाषाणावर उल्का आदळली, त्यातून हे झालं. कधी? एका मोजणीत ५२ हजार वर्षं निघतात, दुसरीत ५ लाख ७० हजार.

विवराच्या काठावर एक झरा आहे, त्याला ‘धार’ म्हणतात. गोमुखातून बारमाही पडणारं गोडं पाणी. लांबून आलेली माणसं आधी इथे अंघोळ करतात, मग देवदर्शनाला जातात. झाडीतून पायवाटेने खाली उतरलं की पाण्याकाठी कमळजा देवी. नवरात्रात इथे पाय ठेवायला जागा नसते. देवळाजवळच सासू-सुनेची विहीर. तिच्या एका बाजूचं पाणी गोड आणि दुसऱ्या बाजूचं खारट, असं गावकरी सांगतात.

विवरातल्या सरोवराचं पाणी खारं. त्या खाऱ्या पाण्यावर लोणारने पिढ्यान्‌पिढ्या पोट भरलं. काच आणि साबण करायला लागणारं सगळं या मुलखात मिळतं, अशी नोंद अकबराच्या काळातल्या ‘ऐन-ए-अकबरी’त आहे. उन्हाळ्यात पाणी मागे हटलं की काठावर क्षार धरायचा. चिखलात उतरून लोक तो गोळा करायचे, वाळवायचे. त्याची प्रतवारी होती. डल्ला, पापडी, भुस्की ही त्यातलीच नावं. या क्षारातून साबण व्हायचा, बांगड्यांची काच व्हायची. लोणारचा इतिहास सांगताना देवळांबद्दल भरभरून बोललं जातं, या राबणाऱ्या हातांबद्दल फार थोडं. ते आधी सांगायला हवं.

देवळंही तशीच तोलामोलाची आहेत. गावातल्या दैत्यसूदन मंदिरात विष्णूच्या पायाखाली लवणासुर पडलेला आहे. हे विवर म्हणजे त्याचंच बीळ, विष्णूने अंगठ्याने झाकण उडवून त्याला बाहेर काढलं, अशी कथा आहे. मे महिन्यात काही दिवस ऊन थेट गाभाऱ्यातल्या मूर्तीवर येतं. सभामंडपात मान वर करून छत जरूर पाहा.

जून २०२० मध्ये सरोवराचं पाणी गुलाबी झालं आणि लोणार घराघरांत पोचलं. पाणी आटून खारटपणा वाढला होता, त्यात हॅलोआर्किया नावाचे सूक्ष्मजीव माजले आणि त्यांचा रंग पाण्याला चढला. त्याच वर्षी सरोवराला रामसर दर्जा, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ जागा ही ओळख, मिळाला.

या पाण्यातली जीवसृष्टी खाऱ्यावरच जगते. गोडं पाणी जास्त मिसळलं, तर तिचं जगणं अवघड होतं. धारेवरचा साबणाचा फेस उतारानेच वाहतो, तसंच गावाचं सांडपाणीही. ते अडवावं यासाठी गावातली माणसं उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठापर्यंत गेली. ज्या पाण्याने गावाला साबण दिला, त्याच पाण्याला आता साबणापासून वाचवायचं काम लोणारकरांपुढे आहे.