एजंटाचे ओळखपत्र आणि आपली सही

मित्रहो, घरी येणारा विमा एजंट बहुधा परका नसतो. तो मेहुण्याचा मित्र असतो किंवा शाळेतले निवृत्त गुरुजी असतात, आणि म्हणूनच त्यांच्याकडे ओळखपत्र मागायला आपली जीभ रेटत नाही. वास्तविक मागितल्यावर ओळखपत्र दाखवणे आणि विचारल्यावर आपले कमिशन किती ते सांगणे, ही दोन्ही त्यांच्या आचारसंहितेतली कर्तव्ये आहेत.

1938 च्या विमा अधिनियमातील कलम 42 नुसार पूर्वी एजंटाला परवाना घ्यावा लागे. 2015 च्या दुरुस्तीने ती पद्धत संपली. आता किमान दहावी झालेला उमेदवार परीक्षा उत्तीर्ण झाला की विमा कंपनीच त्याची नेमणूक करते. त्याला आयुर्विमा, सर्वसाधारण विमा आणि आरोग्य विमा यांपैकी प्रत्येकी एकाच कंपनीचे काम करता येते. सरकारने यातून अंग काढून घेतले असे कोणाला वाटेल. पण त्याच दुरुस्तीने एजंटाच्या कृतींची आणि चुकांची जबाबदारी कंपनीवर टाकली व त्यापोटी 1 कोटी रुपयांपर्यंत दंड ठेवला. मला हा बदल योग्य वाटतो, कारण नुसता परवाना रद्द होऊन नुकसान सोसलेल्या कुटुंबाच्या हाती काहीच पडत नसे.

तरीही खरी कसोटी लागते ती प्रस्ताव अर्जाशी. माझ्या मावशीच्या यजमानांचा अर्ज मी नंतर पाहिला. अर्ज इंग्रजीत होता, सही करायच्या जागांवर पेन्सिलीने फुल्या मारलेल्या होत्या आणि प्रत्येक फुलीशेजारी काकांची वळणदार मराठी सही होती. मधुमेहाच्या रकान्यात एजंटाच्या अक्षरात 'नाही' लिहिले होते. काका रोज न्याहारीआधी गोळी घेत, हे त्या एजंटाला ठाऊक होते. मजकूर मराठीत समजावून दिल्याच्या निवेदनाखालीही सही होती. समजावले मात्र कोणीच नव्हते. दुसऱ्या वर्षी काका गेले आणि क्लेम नाकारला गेला. कलम 45 प्रमाणे पहिल्या तीन वर्षांत माहिती दडवल्याच्या कारणावरून कंपनी पॉलिसीला आव्हान देऊ शकते. अर्जातून महत्त्वाची माहिती वगळायला लावण्यास आचारसंहितेची स्पष्ट मनाई आहे, पण अर्जाखाली सही ग्राहकाची असते आणि त्याच्या कुटुंबाला तिच्याशीच झगडावे लागते.

'पहिला हप्ता मी भरतो, तुम्ही फक्त सही करा' हे वाक्यही आपल्या ओळखीचे आहे. कमिशनातला वाटा असा ग्राहकाला देण्यास कलम 41 ने बंदी केली आहे. त्यासाठीचा दंड एकेकाळी 500 रुपयांपर्यंत होता, तो 2015 मध्ये 10 लाखांपर्यंत गेला. ही सवलत घेणारा ग्राहकही त्या कलमाच्या कक्षेत येतो, हे फार थोड्यांना माहीत असते.

पॉलिसी हाती आल्यावर ती परत करण्यासाठी 2024 पासून 30 दिवस मिळतात. त्या दिवसांत अर्जाची प्रत काढून प्रत्येक उत्तर घरच्या कोणाकडून तरी मोठ्याने वाचून घ्या, अशी माझी कळकळीची विनंती आहे. कंपनीने क्लेम नाकारलाच, तर मुंबई आणि पुणे येथे विमा लोकपालांची कार्यालये आहेत. तिथे शुल्क लागत नाही, वकील लागत नाही, मात्र नकार मिळाल्यापासून एका वर्षाच्या आत तक्रार करावी लागते. मावशीला हे कोणी सांगितले, तेव्हा चौदा महिने उलटून गेले होते.