पहाटे साडेचारचं टायमिंग

[दृश्य: अंधार. माजिवड्याचा पूल, खाली कंटेनरची रांग. पेट्रोल पंपावर सात-आठ बाईक, कोणी ग्लोव्हज घालतंय, कोणी जांभई देतंय.]

रविवार, पहाटेचे साडेचार. ठाण्यात या वेळेला जागे कोण असतात तर पेपरवाले, दूधवाले, आणि हे आमच्यासारखे. घरी विचारतात एवढ्या लवकर मरायला कशाला जाता रे, तर त्याचं उत्तर साधं आहे, भिवंडी. सात वाजता निघालात तर माणकोलीपासूनच गाडी पहिल्या गिअरमध्ये, डावीकडून कंटेनर, उजवीकडून टेम्पो, मधे आपण धूर खात. म्हणून साडेचार. पाचपर्यंत बायपास पार झाला की पडघा, मग वासिंद, आसनगाव, रस्ता मोकळा, गार वारा, आणि सहाच्या आसपास तुम्ही आटगावला, म्हणजे ठाण्यापासून साठेक किलोमीटरवर, तिथून हायवे सोडला की तानसाचं जंगल.

आता गंमत बघा. ट्रॅफिक चुकवायला आपण जे टायमिंग काढलंय ना, बरोब्बर तेच टायमिंग हरणांचं आहे. रात्रभर उघड्यावर चरलेलं जनावर झुंजुमुंजु व्हायला लागलं की झाडीत परत निघतं, आणि आपण त्याच वेळेला त्याच्या वाटेवर पोचतो, तेही ऐंशीच्या स्पीडने, कारण रस्ता मोकळा मिळालाय. परत येतानाही तेच, उन्हं उतरली की निघू म्हणतो, आणि तिन्हीसांजेला ती पाण्यावर आणि गवतावर उतरतात. म्हणजे दिवसाच्या ज्या दोन वेळा टाळायला हव्यात, त्याच आपण बरोबर निवडून घेतल्यात.

मला हे कळायला एक कॉलरबोन द्यावं लागलं.

[दृश्य: सिंगल रोड, दोन्ही बाजूला साग. कॅमेरा हळू पुढे.]

डिसेंबर होता. दोन बाईक, मी पुढे, मित्र मागे, आणि खरं सांगायचं तर थंडीने बोटं एवढी आखडली होती की क्लच कळत नव्हता. वळणानंतर सरळ रस्ता आला, मी थोडी दाबली, साठ-पासष्ट असेल, आणि डावीकडून एक चितळ आलं, मादी, अगदी आरामात उडी मारून रस्ता ओलांडून पलीकडे गेली. मी ब्रेक मारला, गाडी नीट स्लो झाली, काहीच झालं नाही. हसलोसुद्धा, हेल्मेटमधे एकटाच. बघितलं का हरीण, असा हात मागे केला मित्राला आणि परत अ‍ॅक्सिलरेटर दिला.

चूक इथे झाली. चितळ एकटं नसतं ना, कळपात असतं, आणि एक गेलं की बाकीच्यांना मागे राहायचं नसतं, मग समोरून ट्रक येवो नाहीतर रणगाडा. दुसरं आलं ते आरामात नाही, ते आलं जीव घेऊन, कारण माझी गाडी आता त्याच्या आणि त्याच्या कळपाच्या मधे येत होती. मी हँडल उजवीकडे ओढलं. हरीण वाचलं, त्याला शिवलोही नाही मी. पण पुढचं टायर डांबर सोडून साईडपट्टीच्या मुरमावर गेलं, आणि मुरमावर ब्रेक धरला की काय होतं ते सांगायची गरज नाही.

पडल्यापडल्या मी काय बघितलं असेल? अजून तीन गेली. शेवटचं पाडस, ते रस्त्याच्या मधोमध थांबलं, माझ्याकडे बघितलं आणि गेलं.

मला उचलायला आला तो एक भाजीचा टेम्पोवाला, गावातलाच. त्याने पहिल्यांदा बाईक उभी केली मग मला, याबद्दल माझी आजही तक्रार आहे, पण तो जे बोलला ते मी विसरलो नाही. म्हणाला, "दादा, एक गेला म्हंजे पाठचे मोजायचे. पहिल्यानी कोन मरत नाय."

[दृश्य: चितळाचा कळप, दुरून. नंतर सांबर, पाण्याच्या काठाला.]

आपल्याकडे सगळ्यालाच हरीण म्हणतात पण रस्त्यावर फरक पडतो. चितळ म्हणजे ठिपकेवालं, कळपाचं, त्याचं गणित आत्ताच सांगितलं. भेकर लहान, वीस-पंचवीस किलोचं, बहुतेक एकटं, आणि झाडीतून असं सुटतं की दगड फेकल्यासारखं, कळायच्या आत चाकाखाली. पिसोरी तर सशाएवढी असते, ती दिसलीच तर नशीब समजा.

आणि सांबर. याच्याबद्दल जरा थांबून बोलू. मोठा नर दोनशे किलोच्या वर जातो, अडीचशे-तीनशेपर्यंतही. आपली स्प्लेंडर साधारण एकशेदहा किलो. म्हणजे दोन स्प्लेंडर एकावर एक ठेवून कोणी रस्त्यात आडव्या उभ्या केल्यात असं समजा, फक्त त्यांना रिफ्लेक्टर नाही. रंग गडद तपकिरी, थंडीत तर काळपटच, हेडलाईटचा उजेड पिऊन टाकतो नुसता. पाय लांब, त्यामुळे अंग येतं बरोबर हँडलच्या आणि तुमच्या छातीच्या लेव्हलला. कारवाल्याला पुढे बोनेट आहे, काच आहे, एअरबॅग आहे. आपल्याला पुढे काय आहे, मीटर. अमेरिकेत हरणांच्या धडकांचा त्रास आपल्यापेक्षा कितीतरी जास्त, आणि तिथेही प्राण्यांच्या धडकेत जी माणसं जातात त्यात बाईकवाल्यांचा वाटा मोठा आहे, रस्त्यावर बाईक कारपेक्षा कितीतरी कमी असूनसुद्धा.

बरं हे सगळं बघायला तानसापर्यंतच जायला पाहिजे असंही नाही हं. आपला घोडबंदर रोड घ्या. गायमुख सोडलं की फाउंटन हॉटेलच्या नाक्यापर्यंत दोन्ही बाजूला जंगल, एका बाजूला संजय गांधी राष्ट्रीय उद्यानाचा मुख्य भाग, दुसऱ्या बाजूला खाडीपर्यंत गेलेला नागला ब्लॉक, दोन्हीही उद्यानातलेच, मधून आपला रोड. शंभरएक चौरस किलोमीटरचं ते उद्यान, त्यात चितळ आहे, सांबर आहे, भेकर आहे, आणि त्यांच्या मागे बिबट्या आहे. या रस्त्यावर गाडीखाली बिबटे गेलेत, हे ठाणेकराला नवीन नाही. आणि आपण काय करतो, रात्री दहानंतर ट्रॅफिक सुटला की त्याच पट्ट्यात दिवसभराचा राग काढतो.

[दृश्य: रात्रीचा रस्ता, बाईकचा उजेड. स्क्रीनवर आकडे.]

आता थोडं गणित, कंटाळा येईल पण ऐका. चाळीसच्या स्पीडला तुम्ही सेकंदाला अकरा मीटर जाता. काहीतरी दिसलं, डोक्यात शिरलं, हात ब्रेकवर गेला, यात एक सेकंद गेलाच, म्हणजे अकरा मीटर फुकट. मग कोरड्या चांगल्या रस्त्यावर ब्रेक लागून थांबायला अजून नऊ-दहा. एकूण वीसेक मीटर. साठला हेच सदतीसच्या आसपास. ऐंशीला जवळजवळ साठ मीटर. आणि साध्या बाईकचा डिप्परमधला, म्हणजे खाली झुकवलेल्या लाईटचा, कामाचा उजेड किती, ढोबळ मानाने तीस-चाळीस मीटर. म्हणजे साठला तुम्ही काठावर आहात आणि ऐंशीला तुम्ही उजेडाच्या पुढे गाडी चालवताय, हरीण दिसेपर्यंत ते लागलेलंच असतं. अप्पर, म्हणजे लांबचा लाईट, मारा ना मग, समोरून कोणी नसेल तर मारायचाच. पण वळणावर अप्परचा उजेड सरळ झाडात जातो, रस्त्यावर नाही, हे घाटात चालवणाऱ्या कोणालाही विचारा.

डोळे मात्र लांबून दिसतात. हरणाच्या डोळ्यात आत मागच्या बाजूला आरशासारखा थर असतो, अंधारात जेवढा उजेड मिळेल तो दोनदा वापरायला, म्हणून ते चमकतात. रस्त्यावर बघत बसू नका, रस्ता कुठे पळत नाही, कडेच्या गवतात बघा, गुडघ्याच्या ते कमरेच्या उंचीला. हिरवट-पिवळट दोन ठिपके दिसले की अ‍ॅक्सिलरेटर सोडायचा. चमकले आणि विझले तर त्याने मान फिरवलीये, म्हणजे ते निघालंय, कुठे ते त्यालाही माहीत नाही. आणि त्याच आरशामुळे आणि अंधारात पूर्ण उघडलेल्या बाहुलीमुळे आपला अप्पर त्याच्या डोळ्यात गेला की त्याला काही दिसत नाही, म्हणून ते पळायचं सोडून जागेवर थिजतं. लोक म्हणतात मूर्ख जनावर. अरे तुमच्या तोंडावर कोणी हॅलोजन मारला तर तुम्ही काय कराल?

ब्रेकचं बोलायचं तर आपल्याकडे निम्मी पब्लिक पुढच्या ब्रेकला घाबरते. लहानपणी कोणीतरी सांगितलेलं असतं पुढचा मारलास तर उलटा होशील, ते डोक्यात बसलंय. खरं थांबवतो पुढचाच, वजन पुढे येतं ना. दोन्ही एकत्र, पुढचा दाबत न्यायचा, झटका नाही. १२५ सीसीच्या वरच्या नवीन बाईकला २०१९ पासून एबीएस आलं, तर निदान पुढचं चाक लॉक होणार नाही, पण सागाच्या ओल्या पानांवर आणि मुरमावर एबीएस बिचारं तरी काय करेल. आणि हँडल ओढायचं नाही. हे मी सांगतोय, ज्याने ओढलं तो. सरळ राहून ब्रेक मारत गेलो असतो तर फार तर स्लो स्पीडला धक्का बसला असता, गाडी उभी राहायची शक्यता तरी होती. आणि नजर, नजर हरणावर लावायची नाही, जिथे मोकळं आहे तिथे लावायची, कारण गाडी बघाल तिकडेच जाते. बोलायला सोपं आहे, माहितीये. मी महिनाभर रिकाम्या मैदानात फक्त ब्रेक मारायची प्रॅक्टिस केली, खांदा बरा झाल्यावर, सोसायटीतली पोरं हसायची.

ऑनलाईन एक प्लास्टिकची शिट्टी मिळते, बाईकला लावायची, वाऱ्याने वाजते म्हणे आणि हरीण पळतं. बाहेरच्या देशात त्यावर टेस्ट झाल्यात, काही उपयोग दिसला नाही. ते पैसे ग्लोव्हजमधे घाला.

[दृश्य: स्प्लेंडरवर दुधाचे कॅन लावलेला माणूस, अंधारात, एकसारख्या स्पीडने.]

या रस्त्यावर रोज जाणारा माणूस बघा. आटगावच्या बाजूचे दूधवाले, पाड्यांवरून कामाला निघालेले. हेल्मेट बऱ्याचदा नसतं, तो भाग वेगळा आणि तो चुकीचाच आहे, पण स्पीड बघा, पस्तीस-चाळीस, ना कमी ना जास्त. आपण त्याला ओव्हरटेक करून जातो, मनात म्हणतो काय हा. त्याला कुठल्या ओढ्यावर जनावर उतरतं, कुठल्या शेताच्या कडेला रोज असतं ते पाठ आहे. एकाला विचारलं तर म्हणाला, "तिकडं मोरीच्या पुढं हलू जायाचं, हिवाळ्यात तिथं असतातच." बोर्ड नाही तिथे कसला. बोर्ड लागतात ते मोठ्या रस्त्याला. पेंचच्या जंगलाजवळ नागपूरच्या वर हायवेखालून प्राण्यांसाठी मोठे रस्ते सोडलेत, तिथल्या कॅमेऱ्यात चितळांचे कळपच्या कळप खालून जाताना दिसलेत, म्हणजे वाट दिली तर जनावर वापरतं. पण आपल्या या सिंगल रोडला कोण भुयार बांधणार.

धडक झालीच तर. माणसाला लागलं असेल तर १०८. हरणाला लागलं असेल तर जवळ जायचं नाही, जखमी नर शिंग मारतो आणि मादीची लाथ काही कमी नाही, वनखात्याचा हॅलो फॉरेस्टचा नंबर आहे १९२६, तिथे फोन लावा. मेलं असेल तरी. कारण गर्दी जमते आणि गर्दीत कोणीतरी शहाणा म्हणतोच, गाडीत टाकू, रात्रीची सोय झाली. १९७२ चा वन्यजीव कायदा आहे, मटण घेतलंत की तुम्ही अपघातवाले राहत नाही, शिकारवाले होता.

[दृश्य: हायवे सोडल्यावरची चहाची टपरी. बल्ब. आकाश करडं व्हायला लागलंय.]

मग आता राईड बंद का? नाही. भिवंडी आहे तिथेच आहे त्यामुळे निघायचं साडेचारलाच. फक्त आता आम्ही इथे थांबतो, जंगलाच्या तोंडाशी. टपरीवाल्या मावशींना आता आमची ऑर्डर माहितीये, पहिला चहा आल्यावर लगेच, दुसरा अर्ध्या तासाने, मधे पोहे. नवीन मुलं ग्रुपमधे आली की वैतागतात, एवढ्या लवकर उठून इथे बसायला आलो का, सनराईज मिस होईल, रील कधी काढायची. बसा म्हणतो. इंजिन बंद करा आणि बसा, कारण इंजिन चालू असताना जंगल ऐकू येत नाही.

आज साडेसहाच्या थोडं आधी आतून भेकर भुंकलं. अगदी कुत्र्यासारखं, पण एकेक, थांबून थांबून. नवीन मुलाने मान वर केली, म्हणाला गावातला कुत्रा असेल. मावशी भांडं घासता घासता म्हणाल्या, "कुत्रा नाय रं बाला, भेकर हाय. काहीतरी बघितलंय त्यानं."

[दृश्य: हायवेकडून हेडलाईट. एक, दोन, पाच, नऊ.]

तेवढ्यात ठाण्याकडून दुसरा ग्रुप आला, नऊ बाईक, आम्हाला हात दाखवला आणि न थांबता आत वळले. मी उभा राहून दोन्ही हात हलवले, हळू, हळू, असे. शेवटच्याने थंब्ज अप केलं. त्याला वाटलं मी बाय म्हणतोय.

मावशींनी घासणं थांबवलं होतं. आवाज लांब जाईपर्यंत आम्ही सगळेच गप्प, कान तिकडेच. भेकरही गप्प झालं होतं. मग त्यांनी गॅस मोठा केला, दुसऱ्या चहाचं आधण ठेवलं.