घाटावरचा पोरगा आणि आपला पाऊस

मंडळी, बाहेर पाऊस लागलाय आणि डोक्यावर पत्रे आहेत. मी ओरडतोय असं वाटलं तर सांभाळून घ्या. विषयाला हा आवाज तसा शोभतोच.

‘किल्ला’ हा अविनाश अरुण यांचा दिग्दर्शक म्हणून पहिला चित्रपट. २०१४ साली बर्लिनच्या महोत्सवात त्याला क्रिस्टल बेअर मिळालं, तेही मुलांच्या परीक्षक मंडळाकडून. आपल्याकडे तो २०१५च्या जूनमध्ये लागला, म्हणजे पडद्यावर आणि बाहेर एकच हवा. गोष्ट दोन ओळींची. वडील गेलेले, आईची सरकारी नोकरी, तिची बदली कोकणात होते आणि ११ वर्षांचा चिन्मय पुणं सोडून इथल्या वर्गात येऊन बसतो.

त्याआधी २००४ साली आलेला संदीप सावंत यांचा ‘श्वास’ही पहिलाच चित्रपट, आणि त्यातही एक पोरगाच. ‘श्यामची आई’नंतर पन्नास वर्षांनी मराठीला सुवर्णकमळ मिळालं ते त्याच्यामुळे. तिथे कोकणातला आजा नातवाला घेऊन शहरातल्या इस्पितळात जातो आणि बावचळतो. ‘किल्ला’त शहर आपल्याकडे येतं आणि बावचळतं. आपण शहरात गेल्यावर कसे दिसतो ते आपल्याला ठाऊक होतं. आपण दुसऱ्याला कसे दिसतो, हे मात्र मला ‘किल्ला’नं दाखवलं.

या चित्रपटाचं छायाचित्रणही दिग्दर्शकानंच केलंय, आणि इथे ते फार कामी आलंय. पाऊस कॅमेऱ्यात सहजासहजी दिसत नाही. तुम्ही मोबाइलवर काढून बघा, नुसतं धुरकट येतं. मागून उजेड हवा, नाहीतर धारांमागे एखादी काळोखी भिंत किंवा गर्द झाडी हवी, तेव्हा कुठे धार उठून दिसते. म्हणून तर सिनेमावाले भर पावसाळ्यातही टँकर मागवतात. शिवाय एका प्रसंगाच्या मधेच ऊन पडलं की आधीचं आणि नंतरचं जुळत नाही. आपल्या श्रावणात हे दिवसाला दहा वेळा होतं! पहिल्याच चित्रपटाला असा हंगाम निवडणं म्हणजे हात धुऊन संकटाच्या मागे लागणं. पण त्यामुळे यात पर्यटन खात्याच्या कॅलेंडरातलं कोकण नाही. ओल आहे, शेवाळ आहे, दुपारी तीनलाच दिवे लावावे लागतील असा उजेड आहे.

आता किल्ल्यावरचा प्रसंग. पोरं तिथे जातात, पाऊस कोसळतो, चिन्मय एकटाच मागे राहतो. परका प्रेक्षक त्या वेळी चिन्मयच्या बाजूनं घाबरतो. मी खरं सांगू? मी पहिल्यांदा बघितलं तेव्हा बंड्याच्या, म्हणजे चिन्मयच्या वर्गातल्या त्या इथल्या पोरांच्या टोळीत होतो. पाऊसच तर आहे, एवढं काय, असं मनात आलं.

आणि मग आठवलं. आठवीत आमच्या वर्गात कचेरीतल्या एका कारकुनाचा मुलगा आला होता. आम्ही त्याला नावानं हाक मारलीच नाही, ‘घाटी’च म्हणायचो. एकदा ओहोटीला त्याला कालवं काढायला खडपात नेलं आणि पाणी भरायला लागल्यावर आम्ही सवयीनं उड्या मारत किनारा गाठला. तो मधल्या खडकावर उभा. कालवांच्या धारेनं तळवा फाटलेला, चप्पल हातात. आम्ही हसत होतो. एका गाबताच्या, म्हणजे मासेमाराच्या घरच्या बाईनं त्याला हाताला धरून आणलं आणि आमच्या सात पिढ्या उद्धरल्या. पुढच्या जूनमध्ये शाळा उघडली तेव्हा त्याचं बाक रिकामं होतं. बदली झाली म्हणे. कुठे, ते कोणी विचारलं नाही.